पोटातली चाळणी किती वेगाने चालते?

रात्री झोपताना पोटात दोन लिटर द्रव भरला. सकाळी पिशवीत उतरला तो त्याहून कमी. मग बाकीचा गेला कुठे? एक तर तो पोटात अडकला, नाहीतर शरीरात शोषला गेला. घरी पोटाचे डायलिसिस करणाऱ्या रुग्णाच्या वहीत असे आकडे वारंवार दिसू लागले, पायांवर सूज चढली, रक्तदाब वाढला, की दुर्लक्ष करून चालत नाही.

या डायलिसिसमध्ये चाळणीचे काम पेरिटोनियम करते. पोटाच्या आतल्या भिंतीवर आणि आतड्यांवर पसरलेले हे पातळ अस्तर. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून युरिया, क्रिएटिनिन यांसारखे टाकाऊ पदार्थ द्रवात उतरतात. द्रवातले ग्लुकोज शरीरातले जादा पाणी ओढून घेते. मात्र प्रत्येकाच्या अस्तराचा वेग वेगळा असतो.

हा वेग मोजण्यासाठी ‘पेट’ म्हणजे पेरिटोनियल इक्विलिब्रेशन टेस्ट करतात. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठातले डॉ. झ्बिलुट ट्वार्डोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ती मांडली. रात्रीचा द्रव पूर्ण काढून दोन लिटर नवा द्रव भरतात. सुरुवातीला, दोन तासांनी आणि चार तासांनी त्याचे नमुने घेतात. दरम्यान रक्तही तपासतात. चार तासांनंतरच्या द्रवातील क्रिएटिनिनला रक्तातील क्रिएटिनिनने भागले, की उत्तर मिळते. ते ०.८१ पेक्षा जास्त असेल तर अस्तर वेगवान, ०.५० पेक्षा कमी असेल तर संथ. बहुतेक रुग्ण या दोहोंच्या मध्ये येतात.

वेगवान म्हणजे उत्तम, असे वाटणे साहजिक आहे. पण तसे नाही. अशा अस्तरातून टाकाऊ पदार्थ लवकर निघतात, तसे ग्लुकोजही लवकर रक्तात जाते. मग पाणी ओढणारे काही उरत नाही आणि निघालेले पाणी परत शोषले जाते. अशा रुग्णांना द्रव थोडाच वेळ ठेवून वारंवार बदलणे सोयीचे; त्यासाठी रात्री यंत्र लावता येते. दिवसाच्या लांब टप्प्यासाठी ग्लुकोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिनचा द्रव उपयोगी पडतो. संथ अस्तराला मात्र जास्त वेळ द्यावा लागतो.

डायलिसिस सुरू झाल्यावर साधारण चार ते आठ आठवड्यांनी पहिली चाचणी करतात. पोटात जंतुसंसर्ग झाला असेल, तर तो बरा झाल्यावर निदान महिनाभर थांबतात. वर्षानुवर्षे ग्लुकोजशी आलेला संबंध आणि वारंवार होणारे संसर्ग यांमुळे अस्तर बदलते, म्हणून गरजेनुसार चाचणी पुन्हा करावी लागते.

द्रव कमी आला म्हणजे अस्तरच बिघडले, असेही नाही. नळी सरकलेली असू शकते किंवा साधी बद्धकोष्ठताही कारण असू शकते. म्हणून स्वतःच्या मनाने जास्त ग्लुकोजच्या पिशव्या वापरू नयेत. किती भरले, किती निघाले, लघवी किती झाली आणि वजन किती, हे रोज लिहावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी.