जाळे टाकणाऱ्याला परवाना हवा, दया नको

धरणाच्या पाण्यात चोरून जाळे टाकणाऱ्याला पकडायला सरकारी बोट वेळेवर पोहोचते. त्याच पाण्याखाली त्या माणसाचे गाव गेले, तेव्हा पुनर्वसनाची फाईल मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला वर्षे लागतात. कायदा तोच, सरकार तेच आणि माणूसही तोच! मग ही तत्परता एकाच बाजूने का, हा आमचा प्रश्न आहे.

गोड्या पाण्यातील मासेमारीचे नियम आजचे नाहीत. इंग्रज सरकारने १८९७ साली भारतीय मत्स्य कायदा केला. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे त्याने गुन्हा ठरविले. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. जाळ्याची भोके किती मोठी असावीत, पाण्यात बांध घालून मासा अडवावा की नाही, कोणत्या दिवसांत मासेमारी बंद ठेवावी, हे ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. संविधानाने मासेमारी हा विषय राज्यसूचीत २१ व्या नोंदीत ठेवला आणि पुढे राज्यांनी आपापले कायदे-नियम केले.

हे नियम मुळात चुकीचे आहेत, असे आमचे म्हणणे नाही. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात, वाहत्या पाण्याच्या ओढीने वर चढून अंडी घालतात. म्हणून मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंदीचा काळ असतो. अंड्यावर आलेली मादी मारली, बारीक भोकाच्या जाळ्याने बोटाएवढी पिल्ले काढली, तर पुढच्या वर्षी जाळे रिकामेच वर येणार. हे ढिवर, भोई, कहार समाजाच्या माणसाला कोणत्याही साहेबाने शिकवावे लागत नाही. पण त्या दोन महिन्यांत त्याच्या घरची चूल कशी पेटायची, याचे उत्तर नियमात कुठेच नसते. मनाई लिहिणारा हात भाकरीचा हिशोब लिहायला विसरतो, खोट आहे ती इथे!

नियम आणि भाकर दोन्ही एका कागदावर आणता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दाखवून दिले आहे. तोतलाडोहचा खटला आमच्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावा. पेंच नदीवरचे हे धरण महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर, पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहे. उद्यान झाले आणि तिथे पूर्वी राहणाऱ्या आदिवासींना बाहेर पडावे लागले. त्यांच्यापैकी ३०५ जणांना मध्य प्रदेशच्या वनखात्याने जलाशयात मासेमारीचे परवाने दिले. त्याविरुद्ध वकील आणि पर्यावरणप्रेमींची एक संस्था थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. जंगल आणि वाघ धोक्यात येतील, असे तिचे म्हणणे होते.

न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. वाघाचे घर राखले पाहिजे, पण तिथून उठलेल्या माणसाच्या पोटाचाही विचार झाला पाहिजे, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने अटी घातल्या. परवानाधारकाकडे फोटोचे ओळखपत्र असावे. ठरलेल्या वाटेनेच पाण्यावर यावे-जावे. काठावर आग पेटवू नये, प्लास्टिक टाकू नये. रोज किती मासा निघाला त्याची नोंद राहावी. या अटी काही सोप्या नव्हेत. पण ज्याच्या हातात परवाना आहे त्याला अट पाळायला सांगता येते. ज्याला पाण्यावर पाय ठेवण्याचाच हक्क नाही, त्याच्यापुढे चोरी करणे किंवा उपाशी राहणे एवढेच उरते.

मात्र परवाना ही सरकारची मेहेरबानी राहिली, तर ती कधीही काढून घेता येते. मध्य प्रदेशातल्याच तवा धरणाचे उदाहरण घ्या. तेथे आधी महामंडळ आणि मग ठेकेदार मासा नेत होते आणि धरणाने उठविलेला आदिवासी आपल्याच पाण्यावर चोर ठरत होता. आंदोलन झाले आणि १९९६ साली विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या संघाला, तवा मत्स्य संघाला, पाच वर्षांचा ठेका मिळाला. पुढे तो एकदा वाढवूनही मिळाला. पण २००६ अखेर मुदत संपली आणि व्याघ्र प्रकल्पाचे कारण पुढे करून तो पुन्हा दिला गेला नाही. दहा वर्षे लोकांनी तळे चालविले, तरी मुदतीच्या एका तारखेने सारे संपले.

आमच्या चळवळीला तळ्याच्या मालकीचा प्रश्न नवा नाही. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर चवदार तळे खाजगी असल्याचा दावा बाबासाहेबांविरुद्ध कोर्टात लावला गेला. बाबासाहेबांनी तो खटला दहा वर्षे लढविला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात विरोधकांचे अपील फेटाळले गेले. ओंजळभर पाण्याचा हक्कसुद्धा रस्त्यावर मिळवावा लागतो आणि कागदावर टिकवावा लागतो, हा त्याचा धडा आहे. पाण्यातल्या माशालाही तोच धडा लागू पडतो. चिल्का सरोवराच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मासे धरण्याचा हक्क हा स्थावर मालमत्तेतील हक्क मानला. लेखी, नोंदणी केलेला दस्त नव्हता म्हणून तिथले दावेदार हरले. 'साहेबांनी तोंडी सांगितले होते' यावर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आज हातात २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये पाणवठ्यातील मासे आणि इतर उपज यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. तो अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातही मागता येतो. आदिवासींबरोबरच तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे जंगलावर जगत आलेल्या इतर समाजांनाही तो मागता येतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पेसा कायद्याने लहान पाणवठ्यांचे नियोजनही पंचायतीकडे दिले आहे. पण दावा दाखलच केला नाही, तर कायदा पुस्तकातच राहणार.

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. गावाशेजारी तलाव असेल तर त्याचा ठेका कोणाच्या नावावर आहे, किती मुदतीचा आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. सहकारी संस्थेत खरोखर जाळे टाकणारे किती आणि नावापुरते किती, ते तपासा. बंदीचे दिवस, जाळ्याचा नियम आणि बोटीचा नियम मराठीत फलकावर लिहून काठावर लावा, अशी मागणी करा. १९१७ चा अंतर्देशीय जहाजांचा कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला आहे आणि त्यात बिनयंत्राच्या बोटींचाही विचार आहे. तेव्हा डोंग्यावरच्या माणसाला जीवरक्षक जाकीट घालायला सांगणाऱ्या सरकारने ते जाकीट द्यावेही. बंदीच्या दोन महिन्यांची भरपाई मागा. आणि हे सारे लेखी अर्जाने, पोच घेऊन करा.

सहकारी संस्थेच्या मोठ्या खुर्च्यांवर ज्यांनी कधी पाण्यात पाय घातला नाही असे लोक बसतात आणि दंडाची पावती भिजलेल्या माणसाच्या हातात पडते. ही उलटी व्यवस्था सुलटी करायची असेल तर नियम मोडून चालणार नाही. नियम करणाऱ्यांच्या बैठकीत जाळे टाकणारा माणूस बसला पाहिजे. त्याला तिथे बसविणे हे चळवळीचे काम आहे आणि ते येत्या ग्रामसभेपासून सुरू करता येते.