घरातील तसबीर व शेतातील पाऊलखूण

गांधीजी 1936 साली सेवाग्राम येथे राहावयास आले. आश्रमातील त्यांचे नित्याचे जीवन छायाचित्रांत टिपण्याचे काम त्यांचे चुलतनातू कनु गांधी यांनी केले. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कॅमेऱ्याची सोय झाली. गांधीजींनी मात्र तीन अटी घातल्या. झोताचा दिवा वापरावयाचा नाही, चित्रासाठी कोणास मुद्दाम उभे करावयाचे नाही, आणि आश्रमाकडून खर्चास पैसा मिळावयाचा नाही. या बंधनांमुळेच त्या चित्रांत माणसे आपापल्या कामात गढलेली दिसतात.

वर्धा जिल्ह्यातील बहुतेक शेतकऱ्यांच्या खिशात आज कनुभाईंपेक्षा अधिक सोयीचा कॅमेरा आहे. तिसरी अट आपोआपच पाळली जाते; पहिल्या दोहोंकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही.

बारसे, लग्न, पोळा अशा प्रसंगी चित्रे शेकड्यांनी निघतात. तरीही घरची आजी निवर्तल्यावर तसबिरीसाठी शोधाशोध सुरू होते आणि शेवटी मतदार ओळखपत्रावरील अंगठ्याएवढे चित्र मोठे करून घ्यावे लागते. कारण प्रत्येक समारंभात ती चुलीपाशी होती. वृद्ध मंडळींचे चित्र त्यांच्या कामाच्या जागीच काढावे: कापूस वेचताना, गोठ्यात, ओसरीवर. त्यांतील निवडक चित्रे कागदावर छापून मागील बाजूस पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहून ठेवावे. फोन बिघडला म्हणजे दहा वर्षांचा संसार त्याबरोबर जातो, हा अनुभव अनेक घरांना आहे.

गोधनाचेही तसेच. आर्वी, आष्टी व कारंजा हा गौळाऊ जातीचा मूळ मुलूख. पोळ्याला सजविलेल्या जोडीचे चित्र घ्यावेच. परंतु झूल काढल्यावर जनावर बाजूने उभे असतानाचे एक चित्र व वासराच्या जन्माची तारीख जपून ठेवल्यास पुढे जातिवंत जनावराची ओळख पटविण्यास ती उपयोगी पडते.

शेतातील चित्रांची गोष्ट अधिक निकडीची आहे. बोर अभयारण्य 1970 साली जाहीर झाले व 2014 साली तेथे व्याघ्रप्रकल्प झाला. हे जंगल लहान, आणि सभोवती कापूस, तूर, सोयाबीन, हरभऱ्याची शेते. रोही व रानडुकरे रात्री पिकात उतरतात, आणि त्यांच्या मागे कधी वाघही येतो. रात्रभर जागल करून थकलेला शेतकरी सकाळी मोडलेले पीक पाहतो, संतापाने उरलेसुरले उपटून वखर फिरवितो, आणि पंचनाम्यास मंडळी येतात तेव्हा दाखविण्यास काहीच उरत नाही. नुकसानीची तक्रार वनविभागाकडे तीन दिवसांच्या आत करावयाची असते. तोपर्यंत शेत जसे आहे तसेच राहू द्यावे. प्रथम बांधावरून विहीर किंवा बाभूळ अशी कायमची खूण येईल असे पूर्ण शेताचे चित्र घ्यावे, मग मोडलेल्या ताटांचे, व शेवटी पावलांच्या ठशाचे. ठशाशेजारी काडेपेटी ठेवल्यास आकाराचा अंदाज येतो. वाघाच्या ठशात नखे सहसा उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात ती दिसतात. एवढ्या भेदानेही पुष्कळ अफवा थांबतात. जनावर मारले गेले असल्यास ते जागचे हलवू नये.

ठशाचे चित्र घेणे निराळे आणि वाघाचे घेणे निराळे. वाघ तुरीत बसल्याची वार्ता पसरताच तरुण मंडळी फोन घेऊन शेताला गराडा घालतात. हे धाडस नव्हे. वेढलेल्या जनावराला वाट उरत नाही, आणि अशा वेळी इजा बहुधा पुढे गेलेल्यालाच होते. वाघाचे चित्र हवेच असेल तर वनविभागाने झाडांना बांधलेले स्वयंचलित कॅमेरे ते काढतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याने त्यावरून त्यांची मोजदादही होते. असा कॅमेरा दिसल्यास तो हलवू नये. शेतकऱ्याने 1926 या क्रमांकावर कळवावे, वेचणीच्या बायामाणसांना एकत्र गोळा करून गावाकडे न्यावे, आणि ठिकाणाचा पत्ता देणारे चित्र चारचौघांत फिरवू नये. शिकारीही ते पाहत असतात. ग्रामसेवक व कृषी सहायकांनी ही गोष्ट ग्रामसभेत स्पष्टपणे सांगावी.

येथेही दिव्याचा झोत टाळलेलाच बरा. झोतात ठसा सपाट दिसतो व कडा हरवतात. सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या तासात तिरपी उन्हे पडतात, ठशाच्या एका कडेला सावली येते आणि चित्र आपोआप स्पष्ट उठते. माध्यान्हीपर्यंत थांबल्यास तोच ठसा ओळखू येत नाही, आणि बहुधा तोवर त्यावरून बैलही गेलेले असतात.