विजेची गाडी : घ्यावी की थांबावे?

हल्ली गावात एक नवी गाडी दिसू लागली आहे. दिसायला ती नेहमीच्या स्कूटरसारखीच असते. पण तिचा फटफट आवाज येत नाही. मागून धूर निघत नाही. तिच्या नंबरची पाटी हिरवी असते. ही विजेची गाडी होय.

त्यामुळे घरोघरी बोलणे सुरू झाले आहे. मुलगा म्हणतो, "आबा, विजेची गाडी घेऊ. पेट्रोलचा खर्च वाचेल." आबा म्हणतात, "अरे, लाईट गेली तर गाडी ओढत नेशील काय?" दोघांचेही म्हणणे खरे आहे. मग ऐकायचे कोणाचे?

चांगली गाडी घ्यायची तर लाखाच्या आसपास रक्कम लागते. शेतकऱ्याच्या घरात लाख रुपये म्हणजे थोडी रक्कम नव्हे. कोणी त्यासाठी सोयाबीन विकतो, कोणी कर्ज काढतो. म्हणून घाई करू नये. पण नवी वस्तू म्हणून भिऊनही बसू नये. आम्ही आयुष्यभर मुलांना गणित शिकवले. आम्हांला वाटते, या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत नाही. शेजाऱ्याच्या अंगणातही नाही. ते आपल्या स्वतःच्या हिशेबात आहे. तो हिशेब कसा मांडायचा, ते या पाठात पाहू या.

वीज आणि चाक

विजेवर गाडी चालते याचे काहींना नवल वाटते. पण ही गोष्ट जुनीच आहे. मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम सुरू झाली. ती १९६४ पर्यंत धावत होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्यापर्यंत विजेची आगगाडी धावली. आपल्या देशातली ती पहिली विजेची आगगाडी.

ट्रामला आणि आगगाडीला तारेतून वीज मिळे. पण साध्या रस्त्यावर, पाणंदीत, घाटात तार कोठून आणणार? तेथे वीज बरोबर बांधूनच न्यायला हवी. ही सोय चांगल्या बॅटरीमुळे झाली.

आपली एसटीच घ्या. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. पुढे बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर एसटीची 'शिवाई' ही विजेची बस सुरू झाली. त्या नगरला आता अहिल्यानगर म्हणतात. गाव तेच, रस्ता तोच, पण डिझेलच्या जागी वीज आली.

गाडी चालते कशी?

विजेच्या गाडीत तीन गोष्टी मुख्य आहेत. पहिली बॅटरी, दुसरी मोटर, तिसरी चार्जर. घरातल्या बोर्डाला चार्जर लावला की वीज बॅटरीत साठते. मोबाईलचे असते तसेच. मूठ पिळली की ती वीज मोटरला मिळते. मोटर फिरते आणि चाक फिरवते. झाले.

या गाडीत इंजिन नाही. म्हणून इंजिनाचे ऑईल नाही, स्पार्क प्लग नाही, सायलेन्सर नाही. टायर आणि ब्रेक मात्र आहेत. ते झिजणारच.

फायदे कोणते?

पहिला फायदा खर्चाचा. पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. सुमारे पाव भागच चाकाला मिळतो. विजेच्या मोटरीत फार थोडी शक्ती वाया जाते. म्हणून तेवढ्याच वाटेला खर्च कमी येतो.

दुसरा फायदा देखभालीचा. भाग थोडे, म्हणून बिघाडही थोडे.

तिसरा फायदा धुराचा. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर किती धूर होतो, ते आपण पाहतोच. लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना त्याचा फार त्रास होतो. विजेची गाडी रस्त्यावर धूर सोडत नाही.

पण येथे एक गोष्ट समजून घ्या. वीज आभाळातून पडत नाही. चंद्रपूर, कोराडी येथील वीजकेंद्रांत कोळसा जळतो, तेव्हा ती तयार होते. आपल्या राज्यातली बरीच वीज कोळशाचीच आहे. म्हणजे धूर अजिबात गेला असे नाही. तो आपल्या नाकापासून दूर गेला. कोयनेच्या पाण्याची आणि सूर्याची वीज जसजशी वाढेल, तसतसा हा फायदा खरा वाढेल.

चौथा फायदा देशाचा. आपल्याकडे लागणाऱ्या कच्च्या तेलातले दर १०० लिटरला ८५ लिटरांहून जास्त तेल परदेशातून येते. त्याला देशाचा पुष्कळ पैसा जातो. विजेच्या गाडीने ते तेल वाचते. मात्र बॅटरीचा मालही अजून बराचसा बाहेरूनच येतो, हे विसरू नये.

आता हिशेब मांडू

पाटी-पेन्सिल घ्या. आपण काही आकडे धरून चालू. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरू. एका लिटरात गाडी ५० किलोमीटर जाते असे धरू. वीज युनिटला १० रुपये धरू. एका युनिटात विजेची गाडी २५ किलोमीटर जाते असे धरू. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील. ते घालून हाच हिशेब पुन्हा करा.

एक आहे दूधवाला. तो रोज ४० किलोमीटर फिरतो. पेट्रोलला त्याचे रोज ८० रुपये जातात. विजेला १६ रुपये जातील. रोज ६४ रुपये वाचले. महिन्याला १,९२० रुपये. वर्षाला २३,०४० रुपये.

दुसरा आहे शेतकरी. त्याचे घर ते शेत, जाऊन येऊन ५ किलोमीटर. पेट्रोलला रोज १० रुपये जातात. विजेला २ रुपये जातील. रोज ८ रुपये वाचले. महिन्याला २४० रुपये. वर्षाला २,८८० रुपये.

आता बॅटरीचे पाहू. बॅटरी जन्मभर पुरत नाही. दरवर्षी तिचा जोम थोडा थोडा कमी होतो. गाडी नुसती उभी राहिली तरी बॅटरीचे वय होतेच. समजा, आठ वर्षांनी बॅटरी बदलावी लागली आणि तिला ५०,००० रुपये पडले.

दूधवाल्याने आठ वर्षांत १,८४,३२० रुपये वाचवले. त्यातून बॅटरीचे ५०,००० गेले. तरी १,३४,३२० रुपये हातात राहिले. शेतकऱ्याने आठ वर्षांत वाचवले २३,०४० रुपये. दूधवाल्याने एका वर्षात वाचवले तेवढेच! त्यातून बॅटरीही येणार नाही. उलट २६,९६० रुपये पदरचे घालावे लागतील.

पाहिलेत? गाडी तीच, कंपनी तीच. एकाला ती दुभती गाय झाली, दुसऱ्याला भाकड. फरक कशाने पडला? रोजच्या फेऱ्यांनी.

आणखी एक हिशेब आहे. जुनी गाडी मोडकळीला आली असेल, नवी घ्यावीच लागणार असेल, तर पेट्रोलच्या गाडीपेक्षा विजेची किती महाग पडते तेवढाच फरक धरा. पण चांगली चालती गाडी विकून नवी घ्याल, तर जुनी विकून आलेले पैसे वजा जाता बाकीची सारी किंमत खर्चात धरा. मग फायदा फार लांब जातो.

कर्जाने घेत असाल तर महिन्याचा हप्ता आणि महिन्याची बचत शेजारी शेजारी लिहा. हप्ता ३,००० आणि बचत २४० असेल, तर "गाडी आपला हप्ता आपणच फेडते" या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. बाकीचे २,७६० रुपये कोठून येणार? मुलांच्या वह्या-पुस्तकांतून की बी-बियाण्यातून? अंथरूण पाहून पाय पसरावे हेच खरे.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण वाटेची. एकदा चार्ज केलेली गाडी ठरावीक अंतरच जाते. कंपनीच्या कागदावर १०० किलोमीटर लिहिले असेल तर आपण ७० ते ८० च धरावे. मागे दुधाचे कॅन असले, रस्ता खराब असला, घाट असला, तर त्याहूनही कमी. पेट्रोल संपले तर कोणी बाटलीभर देतो. वीज काही बाटलीत आणता येत नाही!

दुसरी अडचण वेळेची. पेट्रोल पाच मिनिटांत भरते. स्कूटर घरच्या बोर्डावर पुरती चार्ज व्हायला चार-पाच तास, कधी अधिकही लागतात. रात्री लावून ठेवता येते, हे ठीक. पण रात्रभर लाईट नसली तर सकाळची फेरी बुडते. तेव्हा आपल्या गावात लाईट किती तास असते, हे आधी पाहा.

भाड्याने गाडी चालवणाऱ्याने तर वेळेचा विचार जास्तच करावा. २०१७ साली नागपुरात विजेच्या टॅक्सींचा मोठा प्रयोग झाला. चार्जिंगसाठी रांगेत फार वेळ जातो, अशी चालकांची तक्रार होती. काहींनी गाड्या परतही केल्या. रांगेत उभी राहिलेली गाडी भाडे मिळवत नाही.

तिसरी अडचण दुरुस्तीची. पेट्रोलच्या गाडीचा फिटर प्रत्येक बाजारगावी असतो. विजेच्या गाडीचा माणूस पुष्कळदा तालुक्याला किंवा जिल्ह्यालाच भेटतो. गाडी टेंपोत घालून न्यावी लागली, तर वाचलेले पैसे तेथेच गेले.

चौथी गोष्ट आगीची. २०२२ साली देशात विजेच्या काही स्कूटरींना आगी लागल्या. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या तपासणीचे नियम कडक केले. आग पेट्रोलच्या गाडीलाही लागते, म्हणून नुसते घाबरून जाऊ नये. पण जपावे.

पाचवी गोष्ट आवाजाची. गाडी मुकाट्याने येते. अंगणातल्या पोराला, वाटेवरच्या म्हाताऱ्याला, गुराला ती ऐकू येत नाही. म्हणून गल्लीत हळू चालवावी, हॉर्न द्यावा.

कसे जपावे?

चांगल्या वायरमनकडून घरचे अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांचा पक्का बोर्ड बसवावा. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. कडब्याच्या गंजीजवळ, सरपणाजवळ किंवा घरातून बाहेर पडायच्या दाराशी गाडी चार्जिंगला लावू नये. उन्हातून आलेली गाडी आधी निवू द्यावी. बॅटरीला पाणी लागले असेल, ती फुगली असेल किंवा वास येत असेल, तर चार्ज करू नये. कोणाही फिटरला बॅटरी उघडू देऊ नये.

शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करू नये. ती वीज शेतीसाठी सवलतीने दिलेली असते. दुसऱ्या कामाला वापरली तर दंड होतो.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला फोडायला देऊ नये. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची नीट वाट लावण्याची जबाबदारी ती बनवणाऱ्यांवर आहे.

घेण्याआधी काय विचारावे?

दुकानात गेल्यावर लाजू नका. पैसे आपले आहेत. मोकळेपणी विचारा :

१. बॅटरीची हमी किती वर्षांची? किती किलोमीटरची? ती कागदावर लिहून द्याल काय?
२. आज नवी बॅटरी घेतली तर किती रुपये पडतील?
३. दुरुस्तीचे सर्वांत जवळचे ठिकाण कोणते?
४. सरकारी सूट आज आहे काय? किती? सुटीच्या योजना बदलत असतात. गेल्या वर्षीची सूट यंदा असेलच असे नाही.
५. या गाडीला पासिंग आणि लायसन लागते काय?

शेवटच्या प्रश्नाचे थोडे सांगतो. मोटर २५० वॅटपर्यंतची असेल, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल आणि गाडी हलकी असेल, तरच पासिंग आणि लायसन लागत नाही. त्याहून वेगवान गाडीला दोन्ही लागते, विमाही लागतो. "चालतंय हो, कोण विचारतो?" असे दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. तपासणीत तुम्ही सापडाल, दुकानदार नव्हे.

आणि कागदावर सही करण्याआधी तो कागद वाचा. आता तुम्हांला वाचता येते. हमीचा कागद वाचा, कर्जाचा कागद वाचा. बारीक अक्षर असेल तर सावकाश वाचा. समजले नाही तर पुन्हा विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

तर मग घ्यावी की थांबावे?

ज्याची रोजची फेरी लांब पण ठरलेली, ज्याच्या घरी रात्री लाईट टिकते, ज्याला जवळ दुरुस्तीवाला आहे, त्याने विजेच्या गाडीचा जरूर विचार करावा. ज्याची फेरी थोडी, लाईट बेभरवशाची आणि जुनी गाडी अजून धडधाकट, त्याने थांबावे. थांबण्यात काही नुकसान नाही. आज ना उद्या गावोगावी दुरुस्तीवाले आणि चार्जिंगची सोय वाढेल. तोवर हिशेबाची वही जपून ठेवा. दरवर्षी एकदा काढून आकडे नवे घाला. ज्या वर्षी हिशेब जमेल, त्या वर्षी गाडी दारात आणा.

विचार करा व सांगा

१. दूधवाल्याला गाडी फायद्याची का झाली? शेतकऱ्याला का नाही झाली?
२. तुमची गाडी रोज किती किलोमीटर चालते? आठ दिवस वहीत लिहून पाहा.
३. तुमच्या घरच्या वीजबिलात या महिन्याचे युनिट किती आहेत? ते बिलावर शोधून वाचा.