एकाच विस्तवाच्या दोन तारखा

चुलीतून घरंगळलेला निखारा आमची आजी नुसत्या बोटांनी उचलायची आणि परत चुलीत टाकायची. चिमटा शेजारीच पडलेला असे, पण तिला त्याची गरज वाटत नसे. त्याच आजीचं बोट तापल्या तव्याला निसटतं जरी लागलं, तरी ती हात झटकून पाण्याच्या तांब्यात बुडवायची. निखारा लालबुंद आणि तवा काळा. दोघांत जास्त तापलेला निखाराच. मग चटका तव्याचाच का बसायचा? लहानपणी पडलेल्या या प्रश्नाचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, आणि तेही बल्गेरियातल्या एका गावाबद्दल वाचत असताना. त्या गावाने तेव्हापासून माझा पिच्छा सोडलेला नाही.

गावाचं नाव बल्गारी. बल्गेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, काळ्या समुद्राच्या किनाऱ्यापासून थोडं आत, तुर्कस्तानच्या सीमेलगत स्त्रांजा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. डोंगर फार उंच नाहीत, पण ओक आणि बीचच्या रानांनी गच्च भरलेले. त्या रानातल्या या गावाची वस्ती जेमतेम शंभराची, आणि नावाचा सरळ अर्थ ‘बल्गेरियन माणसं’. दरवर्षी ३ आणि ४ जूनला मात्र इथे हजारो माणसं लोटतात. संत कॉन्स्टंटाइन आणि त्याची आई संत हेलेना यांची ती जत्रा. तिथले लोक तिला ‘पानागिर’ म्हणतात. जत्रेच्या संध्याकाळी मोजकी माणसं, पूर्वीपासून त्यांत बायका अधिक, अनवाणी पायांनी निखाऱ्यांवर नाचतात. या नाचणाऱ्यांना म्हणतात ‘नेस्तिनारी’. २००९ साली युनेस्कोने या प्रथेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

बाहेरच्या जगाला ठाऊक असतो तो निखाऱ्यांवरचा नाच. पण जत्रेचा जीव आहे ‘कोनाक’ नावाच्या एका साध्यासुध्या वास्तूत. संतांच्या खास प्रतिमा इथे ठेवलेल्या असतात. या प्रतिमा जवळून पाहाव्यात अशा आहेत. लाकडाच्या फळीवर रंगवलेले आई आणि मुलगा. खाली हातात धरायला दांडा, आरशाला असतो तसा. आणि अंगावर लाल कापडाचा झगा. कुणी नवस फेडताना वाहिलेले धातूचे तुकडे, बारीक घंटा त्या कापडावर लटकत असतात. आपण देवीच्या तांदळ्याला साडी नेसवतो, त्यातलाच हा भाव. चित्रातल्या संताला वस्त्र नेसवलं की तो चित्रातून बाहेर येतो, घरातला होतो. गावाचा पवित्र ढोल, ‘तुपान’, तोही इथलाच. त्याच्या एका बाजूवर जाड वाकडा दांडका पडतो, दुसऱ्या बाजूवर बारीक छडी.

सकाळी प्रार्थना होते आणि प्रतिमा, ढोल यांची मिरवणूक गावाबाहेरच्या पवित्र झऱ्यावर जाते. तिथे जमलेल्या प्रत्येकाला झऱ्याचं पाणी आणि मेणबत्ती मिळते. वर्ष बरं जावं, रोगराई नसावी, गुरं-शेतं फळावीत, एवढंच मागणं असतं. पूर्वी आसपासच्या गावांच्या प्रतिमाही अशा झऱ्यांवर एकमेकींना भेटायला येत. कोकणात शिमग्याला दोन गावांच्या पालख्या भेटतात, तेव्हा पालखी नुसती लाकडाची आहे असं कुणाला वाटत नाही. तिथेही तसंच असणार.

या जत्रेची शब्दसंपत्ती तर मला तिच्या निखाऱ्यांइतकीच आश्चर्याची वाटते. जत्रेला ‘पानागिर’ आणि झऱ्याला ‘आयाझ्मो’ म्हणतात. दोन्ही शब्द ग्रीक. प्रतिमांच्या घराला ‘कोनाक’ म्हणतात, तो तुर्की. बळी आणि त्याच्या प्रसादाचं जेवण म्हणजे ‘कुर्बान’. हा शब्द अरबीतून तुर्कीत आणि तिथून इथे आला, आणि आपल्या ‘कुर्बानी’चा तो सख्खा भाऊ आहे. सण ख्रिस्ती, गावाचं नाव बल्गेरियन, आणि तोंडातले शब्द तीन-चार दरबारांतून आलेले. ‘ही परंपरा शंभर टक्के आमची’ असं कुणी छातीठोक म्हणू लागलं, तर हे शब्दच हळूच मान हलवतील.

आता संध्याकाळ. दुपारपासून पेटवलेली लाकडं जळून विस्तव उरलेला असतो. तो लांब दांड्यांनी ओढून, पसरून गोल केला जातो. अंधार पडतो तसा तो गोल उजळत जातो. माणसं त्याच्याभोवती कडं करून उभी राहतात. हजारो माणसं असूनही हे कडं गप्प असतं. मग ढोल वाजत येतो, त्याच्यासोबत ‘गायदा’ हे शेळी-मेंढीच्या कातड्याच्या पिशवीचं सुषिर वाद्य, आणि मागून प्रतिमा. नेस्तिनारी आधी निखाऱ्यांच्या कडेने फिरतात. मग कधीतरी, कुणी खूण न करता, एक जण आत पाऊल टाकतो. पावलं छोटी आणि झपझप पडतात. कुणाच्या हातात ती लाल झग्यातली प्रतिमा असते. गोल ओलांडून पलीकडे जायचं, वळायचं, परत आत यायचं. जिथे पाय पडतो तिथला विस्तव क्षणभर काळवंडतो आणि पुन्हा लाल होतो.

आत जाण्याआधी या माणसांचं काय होतं, हे तिथल्या अभ्यासकांनी बारकाईने टिपून ठेवलं आहे. चेहरा पांढरा पडतो, अंग थरथरतं, तोंडून उसासे फुटतात. बल्गेरियनमध्ये यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘धरलं जाणं’. संताने त्या माणसाला धरलं. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, आपण त्याला अंगात येणं म्हणतो. गोव्यात शिरगावच्या लईराईचे धोंड व्रत पाळून, वेताची काठी घेऊन निखाऱ्यांतून जातात, त्याला आपण अग्निदिव्य म्हणतो. दिव्य म्हणजे कसोटी. बल्गारीत कसोटीची भाषा नाही, बोलावण्याची आहे. संत बोलावतो, मग माणूस जातो, आणि संताला काय हवं आहे ते त्याच्या तोंडून गावाला कळतं. ज्याला बोलावणं नाही त्याने कडेला उभं राहायचं. त्यात कमीपणा काही नाही.

आणि पाय? पायांचं कोडं आजीच्या चुलीपाशीच सुटतं. एखादी वस्तू किती तापली आहे ही एक गोष्ट, आणि ती उष्णता आपल्या कातडीला किती लवकर देते ही दुसरी. तवा लोखंडाचा. बोट लागलं की बोटाखालची उष्णता तर तो देतोच, शिवाय आजूबाजूची उष्णता तिकडे धाव घेते. निखारा म्हणजे सच्छिद्र, हलका कोळसा, वर राखेची दुलई. कोळसा आणि राख दोन्ही उष्णतेच्या बाबतीत कमालीची कंजूष. शिवाय निखाऱ्याचं वजन ते किती, त्यात साठवलेली उष्णताही बेताची. उलट आपलं पाऊल पाण्या-रक्ताने भरलेलं; ते तापायला पुष्कळ उष्णता लागते आणि वाहतं रक्त ती दूर घेऊन जातं. झपझप पावलं टाकली तर एकेक तळवा निखाऱ्यावर टेकतो तो क्षणभर. तेवढ्यात चटका बसायला हवा तेवढी उष्णता पोचतच नाही. मात्र कुणी जागीच थबकलं, किंवा विस्तवात एखादा खिळा, धातूचा तुकडा राहिला, तर पाय भाजतोच. निखाऱ्यांवर चालणं धोक्याचं आहे, आणि हे वाचून कुणी अंगणात प्रयोग करू नये.

हे कळलं म्हणून माझं आश्चर्य तसूभरही कमी झालं नाही. पाय का भाजत नाहीत हे विज्ञानाने सांगितलं. पाऊल का उचललं जातं हे अजून उरलंच आहे.

त्या दिशेने एक सुंदर पाऊल एका ग्रीक मानववंशशास्त्रज्ञाने टाकलं. दिमित्रिस क्सिगालातास ग्रीसमधल्या अशाच निखाऱ्यांवर नाचणाऱ्या गावात राहून अभ्यास करत होता. पुढे स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या गावी, जिथे लोक पाठीवर माणूस घेऊन विस्तवावरून चालतात, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चालणाऱ्यांच्या आणि बघ्यांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे बांधले. २०११ साली निष्कर्ष छापून आले. निखाऱ्यांवर चालणाऱ्याच्या हृदयाची लय आणि कडेला स्वस्थ उभ्या असलेल्या त्याच्या नातलगांच्या, मित्रांच्या हृदयाची लय बरोबरीने चढत-उतरत होती. शेजारीच उभ्या असलेल्या परक्या पाहुण्यांच्या बाबतीत मात्र तसं घडलं नाही. देखावा सगळ्यांनी तोच पाहिला होता, विस्तवाची धगही तीच होती. ‘आपलं माणूस’ या शब्दाला मोजमापाच्या कागदावर रेघ उमटताना मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

क्सिगालातास ज्या ग्रीक गावात राहिला, त्याचं नाव आहे आया एलेनी, म्हणजेच ‘संत हेलेना’. उत्तर ग्रीसमधलं हे गाव. तिथे निखाऱ्यांवर नाचणारे लोक स्वतःला ‘कोस्तीचे’ म्हणवतात, आणि कोस्ती हे गाव बल्गारीच्या शेजारी, त्याच स्त्रांजाच्या रानात आहे. ही गोष्ट नीट सांगायला हवी.

१९१२ पर्यंत हा सगळा मुलूख ऑटोमन तुर्कांच्या साम्राज्यात होता. ग्रीक बोलणारी गावं आणि बल्गेरियन बोलणारी गावं मिळून तीसेक ठिकाणी हा विस्तव पेटत असे. १९१२-१३ मध्ये बाल्कन युद्धं झाली, सीमा नव्याने आखल्या गेल्या, आणि ज्याची जी भाषा त्याने त्या देशात जावं असा काळ आला. कोस्तीची ग्रीक माणसं गाव सोडून निघाली. माणूस घर सोडताना काय उचलतो? या लोकांनी संतांच्या प्रतिमा उचलल्या. पुढे ग्रीसच्या निरनिराळ्या गावांत वस्ती करताना त्यांनी त्या घरात जपल्या, आणि ग्रीक चर्चच्या रोषाला भिऊन कित्येक वर्षं हा विधी लपूनछपून केला. १९४७ च्या सुमारास तो पुन्हा उघड्यावर आला. त्यांची आख्यायिका अशी, की फार पूर्वी कोस्तीच्या चर्चला आग लागली, आतल्या प्रतिमांचा विव्हळण्याचा आवाज ऐकून गावकरी ज्वाळांत शिरले आणि प्रतिमा घेऊन न भाजता बाहेर आले. ही आख्यायिका निर्वासितांच्या तोंडून ऐकताना तिला वेगळीच धार येते. गाव सुटत असताना देव उचलून बाहेर पडणं, हे त्यांनी खरोखरच केलं होतं.

अभ्यासकांनी यावर केवढं लिहिलं! १९व्या शतकात बल्गेरियन लेखक पेत्को स्लावेयकोव याने नेस्तिनारींबद्दल लिहिलं. पुढे जवळजवळ शंभर वर्षं जगलेला लोकसाहित्याचा पंडित मिखाइल आर्नाउदोव या विषयात खोल शिरला. बल्गेरियाचं नवं राष्ट्र उभं राहत होतं आणि आपण कोण, हे ते खेड्यांमध्ये शोधत होतं. १८८९ साली इवान शिश्मानोव याच्या पुढाकाराने लोकगीतं, कथा, विधी यांचं एक मोठं सरकारी संकलन सुरू झालं आणि खेडोपाडीच्या शिक्षकांनी वह्या भरभरून पाठवल्या. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण निखाऱ्यांच्या बाबतीत दोन्ही देशांच्या पंडितांची चढाओढ लागली. ग्रीकांना त्यात आपल्या प्राचीन देवाची, डायोनिससची पूजा दिसली, बल्गेरियनांना याच मुलखातल्या प्राचीन थ्रेसचा वारसा. मला वाटतं, दोन-अडीच हजार वर्षांमागचा पुरावा शोधण्याच्या नादात सगळ्यात ठसठशीत पुरावा मागे पडला: काल-परवापर्यंत दोन भाषांची शेजारी गावं एकच विधी करत होती आणि एकाच संताच्या बोलावण्याला ओ देत होती.

बल्गेरियात साम्यवादी राजवट आली तेव्हा प्रतिमा, कोनाक, प्रार्थना यांना थारा उरला नाही. नाच मात्र राहिला, कारण तो लोककला ठरला. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या पर्यटनस्थळी रात्रीच्या जेवणानंतर पाहुण्यांसमोर निखारे पसरले जाऊ लागले. त्या नाचणाऱ्यांचे पायही भाजत नव्हते. पण संध्याकाळ संपली की कुणाचं वर्ष बरं जाणार नव्हतं, कारण तिथे गावच नव्हतं. १९८९ नंतर बल्गारीत विधी पुन्हा पूर्ण रूपात उभा राहिला. आता अडचण उलटी आहे: शंभर माणसांच्या गावात हजारो पाहुणे. कड्यात उभ्या असलेल्या कितींचे ठोके आतल्या माणसाशी जुळत असतील?

तरीही त्या गर्दीत काही माणसं अशी असतात, ज्यांना पाहुणा म्हणावं की घरचं, हे ठरवणं अवघड. अलीकडच्या वर्षांत ग्रीसमधून कितीतरी लोक बल्गारीच्या जत्रेला येतात आणि विधीत भागही घेतात. आणि इथे पंचांग त्यांच्या मदतीला आलं आहे. संत कॉन्स्टंटाइन आणि हेलेना यांचा दिवस २१ मेचा. ग्रीक चर्चने नवीन कालगणना स्वीकारली, म्हणून आया एलेनीत विस्तव २१ मेला पेटतो. बल्गेरियन चर्चनेही १९६८ साली तीच स्वीकारली, पण बल्गारीचा विस्तव जुन्या कालगणनेला धरून राहिला. जुन्या २१ मेची आजची तारीख येते ३ जून. म्हणजे तोच सण, तेरा दिवसांच्या अंतराने, सीमेच्या दोन बाजूंना. आया एलेनीत निखारे विझतात, राख गोळा होते. तेरा दिवसांनी स्त्रांजाच्या रानात, कोनाकच्या दारातून तुपान बाहेर काढला जातो, आणि निघालेल्या मिरवणुकीत कुणीतरी ग्रीकमध्ये बोलत असतं.