जीप

जीप : चारही चाकांना एंजिनाची शक्ती पुरविण्याची सोय असलेले आणि खडकाळ, चिखलाच्या किंवा रस्ते नसलेल्या भूप्रदेशातून जाऊ शकणारे हलके व बळकट मोटारवाहन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–४५) अमेरिकेच्या भूसेनेसाठी ते प्रथम तयार करण्यात आले. कायद्याच्या दृष्टीने ‘जीप’ हे एका उत्पादकाचे नोंदलेले व्यापारचिन्ह आहे. परंतु मराठीसह अनेक भाषांत ते सामान्यनाम म्हणून रूढ झाले असून या धाटणीच्या वाहनाला, मग ते कोणत्याही कारखान्यातले असो, लोक जीपच म्हणतात. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ या वाहनाच्या इतिहासातून निर्माण झालेले आहेत. ज्या कंपनीने ते प्रथम उभे केले तिच्याकडे ते राहिले नाही आणि ज्या कंपनीकडे नाव गेले तिने ते एकटीने निर्माण केलेले नव्हते.

इतिहास : टेहळणी व निरोप पोहोचविणे या कामांसाठी घोडा आणि साइडकार जोडलेली मोटारसायकल यांची जागा घेईल असे वाहन अमेरिकी भूसेना दोन महायुद्धांमधील काळात शोधत होती. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि या शोधाला एकदम निकड आली. त्यानंतरच्या महिन्यात भूसेनेने सु. १३५ उत्पादकांकडून निविदा मागविल्या. वाहनाचे वजन १,३०० पौंडांहून (सु. ५९० किग्रॅ.) अधिक नसावे, त्याने ६०० पौंड (सु. २७० किग्रॅ.) भार वाहावा, चारही चाकांना चालना मिळावी व पुढची काच खाली पाडता यावी, अशा अटी होत्या. पहिला नमुना ४९ दिवसांत व एकूण ७० वाहने ७५ दिवसांत द्यावयाची होती. इतक्या थोड्या अवधीत हे काम होणार नाही असे बहुतेकांनी ठरविले असावे. कारण प्रतिसाद आला तो केवळ दोन कंपन्यांकडून. त्यांपैकी ओहायओ राज्यातील टोलीडो येथील विलीज-ओव्हरलँड ही मध्यम आकाराची कंपनी होती. दुसरी, पेनसिल्व्हेनियातील बटलर येथील अमेरिकन बँटम, ही ब्रिटिश ऑस्टिन मोटारीच्या धर्तीवर लहान गाड्या बनविणारी व त्या वेळी जवळजवळ बंद पडलेली कंपनी होती.

बँटमकडे स्वतःचा अभियांत्रिकी विभाग म्हणण्यासारखा उरलेला नव्हता. तिने डिट्रॉइटचे अभियंते कार्ल प्रॉब्स्ट यांना बोलावून घेतले व त्यांनी अवघ्या दोन दिवसांत मुख्य आराखडा तयार केला. मुदतीची अट मान्य करणारी बँटम ही एकटीच असल्याने काम तिला मिळाले. बाजारात उपलब्ध असलेले भाग शक्य तितके वापरून तिने नमुना उभा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपण्यास सु. अर्धा तास असताना, तो मेरिलंडमधील होलाबर्ड येथील लष्करी तळावर हजर केला. वजनाची अट त्याला पाळता आली नव्हती, परंतु ती अट मुळातच अवास्तव होती व भूसेनेने ती पुढे २,१६० पौंडांपर्यंत (सु. ९८० किग्रॅ.) शिथिल केली.

यापुढील घटनाक्रम बँटमच्या दृष्टीने दुर्दैवी ठरला. एवढी लहान कंपनी युद्धाची गरज भागवू शकणार नाही अशी भूसेनेला शंका होती. तिने बँटमच्या नमुन्याच्या चाचण्या विलीज व फोर्ड या कंपन्यांच्या अभियंत्यांना पाहू दिल्या आणि आराखडेही त्यांना उपलब्ध करून दिले. नोव्हेंबर १९४० मध्ये या दोन्ही कंपन्यांचे नमुने होलाबर्डला आले आणि ते बँटमच्या वाहनाशी उघडउघड साम्य दाखविणारे होते. तिन्ही कंपन्यांना प्रत्येकी १,५०० वाहनांची मागणी देण्यात आली. विलीजचे प्रमुख अभियंते बार्नी रूस यांनी सुधारलेले एंजिन सु. ६० अश्वशक्तीचे, म्हणजे इतर दोघांच्या एंजिनांहून बरेच सरस होते. मात्र वाहन जड होते. वजन मर्यादेत आणण्यासाठी रूस यांनी एकेक भाग सुटा करून तपासला, बोल्टांची जादा लांबी कापली व रंगाचा थरही पातळ केला, असे सांगतात. १९४१ च्या मध्यास १६,००० वाहनांचे मोठे कंत्राट विलीजला मिळाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तोच नमुना विलीजच्या परवान्याने बनविण्याचे काम फोर्डला देण्यात आले. युद्धसमाप्तीपर्यंत विलीजने सु. ३,६०,००० व फोर्डने सु. २,८०,००० वाहने तयार केली. बँटमच्या वाट्याला तीन हजारांहूनही कमी वाहने आली. उरलेला युद्धकाळ तिने मुख्यत्वे जीपमागे जोडावयाचे ट्रेलर बनविण्यात घालविला.

युद्धात जीपचा उपयोग टेहळणीपुरता मर्यादित राहिला नाही. तिच्यावर मशीनगन बसविल्या, स्ट्रेचर आडवे टाकून जखमींना नेले, लहान तोफा ओढल्या व दूरध्वनीच्या तारा अंथरल्या. वॅको जातीच्या ग्लायडरमध्ये एक जीप मावत असे. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत एंजिने नष्ट झालेल्या लोहमार्गांवर, रुळांवर चालणारी चाके बसविलेल्या जीपगाड्यांनी डबे ओढले. रशिया व ब्रिटन यांनाही जीपगाड्या मोठ्या संख्येने पुरविण्यात आल्या. पाण्यावरही चालणारी तिची आवृत्ती फोर्डने १९४२ मध्ये काढली. ती मात्र फारशी यशस्वी झाली नाही.

नाव व त्याबद्दलचा वाद : ‘जीप’ हा शब्द कोठून आला याविषयी एकमत नाही. फोर्डच्या वाहनावरील ‘जीपी’ या संकेताक्षरांचा तो अपभ्रंश होय, हे स्पष्टीकरण सर्वांत लोकप्रिय आहे. या संकेतातील पहिले अक्षर सरकारी मागणीचे व दुसरे ८० इंच आसांतर असलेल्या वाहनाचे निदर्शक होते. दुसऱ्या मतानुसार ‘पॉपाय’ या चित्रमालिकेत १९३६ साली अवतरलेल्या, कोठेही जाऊ शकणाऱ्या ‘यूजीन द जीप’ या प्राण्यावरून सैनिकांनी हे नाव दिले. अमेरिकी सैन्यात नवख्या शिपायाला व अजून पारखून न घेतलेल्या वाहनाला उद्देशून हा शब्द त्याआधीही वापरला जाई, असेही आढळते. यांपैकी एकच कारण खरे मानण्याची आवश्यकता नाही. १९४१ च्या प्रारंभी विलीजच्या चालकाने वॉशिंग्टन येथील संसदभवनाच्या पायऱ्यांवर हे वाहन चढवून दाखविले व त्या प्रसंगाच्या वृत्तपत्रीय वृत्तांतामुळे हा शब्द सर्वतोमुखी झाला.

१९४३ मध्ये विलीजने हे नाव व्यापारचिन्ह म्हणून मिळावे असा अर्ज केला आणि आपणच जीपचे निर्माते आहोत अशा जाहिराती केल्या. याविरुद्ध अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगापुढे तक्रार दाखल झाली. जीपची कल्पना बँटमने भूसेनेच्या अधिकाऱ्यांच्या सहकार्याने साकार केली असून विलीजचा दावा दिशाभूल करणारा आहे, असा निर्णय आयोगाने १९४८ मध्ये दिला. तथापि बँटम तोपर्यंत मोडकळीस आलेली होती आणि १९५० मध्ये ‘जीप’ हे नाव विलीजच्याच मालकीचे म्हणून नोंदले गेले. श्रेय एकीला व मालकी दुसरीला, अशी ही विभागणी झाली.

रचना व कार्य : युद्धकालीन जीपची लांबी सु. ३३५ सेंमी., रुंदी सु. १५७ सेंमी. व पुढील आणि मागील आसांमधील अंतर सु. २०३ सेंमी. असून इंधनासह तिचे वजन सु. १,१०० किग्रॅ. भरत असे. एंजिन चार सिलिंडरांचे व सु. २,२०० घ. सेंमी. क्षमतेचे होते. पोलादी शिडीसारख्या सांगाड्याखाली कमानपाट्यांवर दोन अखंड आस बसविलेले असत. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली होती.

जीपचे वैशिष्ट्य तिच्या शक्तिसंक्रमणात आहे. सामान्य मोटारगाडीत एंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. ती चाके चिखलात फिरू लागली की गाडी अडते. जीपमध्ये मुख्य दंतचक्रपेटीच्या मागे आणखी एक संक्रमणपेटी असते. तिच्यातून एक दंड मागील आसाकडे व दुसरा पुढील आसाकडे जातो. चालक एका तरफेने पुढील आस जोडतो किंवा तोडतो. दुसऱ्या तरफेने फेऱ्यांचा वेग जवळजवळ निम्मा करता येतो. त्यामुळे चाकांवरील परिपीडन दुप्पट होऊन तीव्र चढावर वाहन अगदी सावकाश, पण न थांबता चढते व उतारावर ब्रेकवर भार न टाकता एंजिनाच्याच रोधाने उतरते.

चारही चाकांची चालना नेहमीच का चालू ठेवीत नाहीत, असा प्रश्न पडतो. वळण घेताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजेच त्यांना अधिक फेरे घ्यावे लागतात. जीपच्या संक्रमणपेटीत दोन्ही आस एकमेकांशी ताठ जोडले जात असल्याने हा फरक सामावला जात नाही. मातीत वा वाळूत चाके किंचित घसरून तो भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर त्यांना घसरता येत नाही, दंडांमध्ये पीळ साठतो, सुकाणू जड होते व भाग तुटण्याचा संभव असतो. पक्क्या रस्त्यावर येताच पुढील आस सोडवावा, ही जुन्या चालकांची शिस्त यामुळेच आहे.

आसांमधील कमी अंतर आणि चाकांच्या पुढे-मागे जवळजवळ काहीच लोंबते नसणे यांमुळे जीप बांध किंवा ओघळ पोट न घासता ओलांडते. मात्र याच गुणांतून तिचा मोठा दोषही उद्‌भवतो. आखूड, अरुंद व उंच वाहनाचा गुरुत्वमध्य वर असतो आणि वेगात अचानक वळविल्यास ते उलटू शकते. सीजे-५ या नागरी जीपच्या उलटण्याच्या चाचण्या १९८० मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आल्या, तेव्हा यावर मोठा वाद माजला.

युद्धोत्तर काळ : १९४५ मध्ये विलीजने सीजे-२ए ही नागरी जीप शेतकऱ्यांपुढे ठेवली. नांगर ओढणे, यंत्रे चालविणे व बाजारहाट ही तिन्ही कामे तिने करावी, अशी अपेक्षा होती. हिच्या दर्शनी जाळीला सात उभ्या फटी होत्या व त्याच पुढे जीपची ओळख ठरल्या. विलीज कंपनी १९५३ मध्ये कायझर उद्योगसमूहाने विकत घेतली. त्यानंतर हे नाव १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ मध्ये क्रायस्लरकडे व १९९८ मध्ये डाइमलर-क्रायस्लरकडे गेले. फियाट-क्रायस्लरमधून ते २०२१ मध्ये स्टेलँटिस समूहात आले. इतके मालक बदलूनही नाव टिकले, यावरून त्याचे मोल ध्यानात येते. सीजे मालिकेची जागा १९८६ मध्ये रँग्लरने घेतली. तिचे चौकोनी दिवे जुन्या चाहत्यांना रुचले नाहीत आणि १९९६ च्या आवृत्तीत गोल दिवे परत आणावे लागले. दरम्यान वॅगोनीर (१९६२) व चेरोकी (१९८३) या बंदिस्त, कुटुंबोपयोगी गाड्यांनी जीपला शहरी ग्राहक मिळवून दिला. अशा पुष्कळ गाड्या पुढे कधी डांबरी रस्ता सोडून खाली उतरल्याच नाहीत, ही गोष्ट वेगळी.

जीपच्या अनुकरणातून इतर देशांत नवी वाहने जन्मली. ब्रिटनमधील मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर युद्धातून उरलेली जीप वापरीत. तिच्या अनुभवावरून लँडरोव्हर तयार झाली व १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील प्रदर्शनात आली. जपानच्या टोयोटा कंपनीने १९५१ मध्ये बनविलेल्या अशाच वाहनाला व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे १९५४ मध्ये ‘लँड क्रूझर’ हे नाव घ्यावे लागले. फिलिपीन्समध्ये सैन्याने मागे टाकलेल्या जीपगाड्या लांबवून व रंगवून त्यांची ‘जीपनी’ ही सार्वजनिक वाहने करण्यात आली.

भारत : मुंबईत १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९४७ मध्ये सुट्या भागांच्या स्वरूपात जीपगाड्या आणविल्या. १९४९ मध्ये माझगाव येथे त्यांची जुळणी सुरू झाली. पुढील दशकात भाग येथेच बनू लागले. उंच बॉनेटची सीजे-३बी ही जीप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली, पण भारतात तिचा वंश त्यानंतर कित्येक दशके चालू राहिला. महाग पेट्रोलमुळे येथे तिला डीझेल एंजिन बसविण्यात आले व त्यामुळे ती ग्रामीण भागाला परवडू लागली. नासिक येथे १९८१ मध्ये कंपनीचा नवा कारखाना निघाला.

सेनादलात जीपचे स्थान महत्त्वाचे होते. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात खेमकरण भागात अब्दुल हमीद यांनी जीपवर बसविलेल्या धक्कारहित तोफेने शत्रूचे अनेक रणगाडे निकामी केले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

मुलकी जीवनात जीप आली ती मुख्यतः शासनाबरोबर. १९५२ मध्ये सुरू झालेल्या समूहविकास योजनेत विकासगटांना जीपगाड्या देण्यात आल्या. जेथे एस. टी.ची गाडी पोहोचत नव्हती अशा वाडीवस्तीवर धूळ उडवीत आलेली जीप म्हणजे तहसीलदार, गटविकास अधिकारी, वनाधिकारी किंवा निवडणुकीचा उमेदवार, असे समीकरण खेड्यांत तयार झाले. वापरून जुन्या झालेल्या गाड्या खाजगी मालकांकडे गेल्यावर ‘वडाप’ वाहतूक वाढली. चालकासह सहाआठ माणसांच्या गाडीत त्याहून कितीतरी अधिक उतारू, काही मागे लोंबकळत व काही टपावर, हे दृश्य पश्चिम महाराष्ट्रात परिचित आहे. ही वाहतूक बेकायदेशीर व अनेकदा धोकादायक असली, तरी तिने बाजार, दवाखाना व शाळा यांच्याशी कित्येक गावे जोडली, हेही मान्य करावे लागते. गोव्यात कुळे येथून अभयारण्यातील ओढे ओलांडून दूधसागर धबधब्याकडे प्रवाशांना जीपगाड्याच नेतात.

लोकप्रियतेची कारणे : जीप आरामदायी नाही, पावसात भिजविते, उन्हात तापविते व इंधनही बरेच पिते. तरीही तिच्याविषयी जिव्हाळा आढळतो, याचे प्रमुख कारण तिचे उघडेपण होय. तिचे बहुतेक भाग डोळ्यांना दिसतात, थोड्या हत्यारांनी सुटतात व दुसऱ्या गाडीला बसतात. विलीज व फोर्ड यांचे भाग अदलाबदल करता यावेत ही युद्धातील अटच होती. त्यामुळे कोणत्याही तालुक्याच्या गावचा मिस्त्री ती दुरुस्त करू शकतो व मालकालाही आपले वाहन समजते. सपाट पत्र्याचे तिचे रूप शोभेसाठी नव्हे, तर घाईच्या उत्पादनासाठी ठरलेले होते. पुढे तेच तिचे सौंदर्य मानले गेले. अमेरिकेत तिच्या धन्यांनी दुर्गम वाटांवरून सहली काढण्याची प्रथा पाडली. कॅलिफोर्नियातील रूबिकॉन वाटेवरील सहल १९५३ पासून व यूटा राज्यातील मोॲब येथील मेळावा १९६७ पासून भरतो.

या रूपाचा मालक कोण, हा प्रश्न अलीकडे पुन्हा न्यायाधिकरणापुढे आला. महिंद्र कंपनीने २०१८ मध्ये अमेरिकेत ‘रॉक्सर’ हे वाहन विक्रीस काढले. ते जुन्या परवान्याच्या जीपचेच वंशज होते. फियाट-क्रायस्लरने आपल्या वाहनाच्या दर्शनी रूपाची नक्कल झाल्याची तक्रार केली आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने मूळ रॉक्सरविरुद्ध निर्णय दिला. कंपनीला तिचा दर्शनी भाग बदलावा लागला. त्याआधी, २०१७ मध्ये, पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे फियाट व टाटा यांच्या संयुक्त कारखान्यात ‘जीप’ हे अधिकृत नाव धारण करणाऱ्या कंपास गाडीचे उत्पादन सुरू झाले होते.