काचेच्या टाकीत समुद्राचे ऊन : एलईडी कारागिरांसाठी एक काम

मोमिनपुऱ्यातील एका वाचकाने आम्हाला विचारले आहे की, शोभेच्या माशांच्या एका दुकानदाराने त्यांच्याकडे समुद्री टाकीसाठी एलईडी दिवे बनवून मागितले आहेत. ‘हुबेहूब समुद्रातले ऊन पडले पाहिजे’ अशी अट आहे. वायरिंगची आणि ॲल्युमिनियमची कामे ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत, पण हे काम घ्यावे की नाही?

काम जरूर घ्यावे. मात्र आगाऊ रक्कम हातात घेण्यापूर्वी टाकीत काय राहणार आहे, हे विचारून घ्यावे. जिवंत प्रवाळ असतील तर नकार द्यावा. खडक बनवणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत ते वाघाच्या रांगेत बसतात. विक्रीच काय, पण घरी बाळगणेही गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. दिवा बनवणे हा गुन्हा नाही, हे खरे. पण उद्या जिच्यावर छापा पडेल, अशा टाकीवर आपल्या हातचा दिवा कशाला हवा? समुद्री मासे आणि सिमेंटचे किंवा सिरॅमिकचे खडक ठेवून सजवलेली टाकी, परवानगी असलेल्या संस्था आणि गोड्या पाण्यातील वनस्पतींची टाकी, एवढे गिऱ्हाईक आपल्याला पुरेसे आहे.

तरीही प्रवाळाची गरज समजून घेतल्याशिवाय हे दिवे समजत नाहीत, कारण ही सारी विद्या त्याच्यासाठीच तयार झाली. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. (अंगठीतले पोवळे निराळ्या जातीचे, त्याला उन्हाची गरज नसते.) पाणी तांबडा प्रकाश आधी गिळते. दहा मीटर खोलीवर तो जवळजवळ संपतो, निळा मात्र खाली उतरतो. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे प्रवाळांचे बुडालेले पठार आहे. त्याचा माथाच वीस मीटरच्या आसपास खोल, त्यामुळे तिथे भर दुपारीही उजेड निळा. उलट मालवणचे प्रवाळ किनाऱ्याजवळ, उथळ पण गढूळ पाण्यात वाढतात. तेव्हा ‘समुद्रातले ऊन’ ही एकच वस्तू नव्हे. कोणत्या समुद्रातले, हे गिऱ्हाइकाला विचारलेच पाहिजे.

दिव्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे गडद निळे एलईडी आणि थंड पांढरे एलईडी घ्यावेत. दोन्हींचे ड्रायव्हर वेगळे ठेवावेत, म्हणजे रंग कमी-जास्त करता येतो. आमचे अनेक इलेक्ट्रिशियन बांधव उजेड लक्स मीटरने मोजतात. इथे ते मीटर फसवते. ते माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने बनलेले असल्यामुळे निळा प्रकाश फार कमी दाखवते. त्यावर विश्वासून एलईडी वाढवत गेलो, तर टाकीतले जीव करपतात. वनस्पतीला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारे मीटर वेगळे असते, त्याला पार मीटर म्हणतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात ते सुमारे २००० दाखवते, टाकीत मात्र १०० ते ३०० पुष्कळ झाले. दुपारच्या सूर्याशी बरोबरी करण्याचे कारण नाही.

नागपुरात खरी कसोटी उष्णतेची. टाकीचे पाणी २५ ते २७ अंशांवर राहायला हवे आणि मे महिन्यात इथला पारा ४५ पार करतो. पूर्वी अशा टाक्यांवर २५० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे लावत. ते पाणी तापवत आणि मग पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा खर्च अंगावर येई. एलईडीची उष्णता खाली न जाता बहुतांशी पाठीमागच्या पट्टीत उतरते. तिथूनच ती काढून टाकायची. म्हणून जाड, पात्यांची ॲल्युमिनियम पट्टी, वर पंखा, आणि पेटी वरून मोकळी ठेवावी. एलईडीच्या कागदावरचे आकडे अनेकदा २५ अंशांवर मोजलेले असतात, हे आमचे बांधव विसरतात. ज्या एलईडीला ७०० मिलिॲम्पिअर लिहिले आहेत, तो आपल्या उन्हाळ्यात ५०० वर चालवावा. उजेड थोडा कमी होतो, पण दिवा टिकतो आणि तक्रार परत येत नाही.

आता वेळेचे. खटका दाबला की एकदम लख्ख उजेड, हे ऊन नव्हे. मासे दचकून काचेवर आपटतात. मशिदीत टांगलेले नमाजचे वेळापत्रक पाहावे. सुबह सादिक ते सूर्योदय यात नागपुरात सव्वा तासाच्या आसपास अंतर असते. तितक्या वेळात आधी फक्त निळे एलईडी हळूहळू वाढवावेत. नंतर दोन-तीन तासांत पांढरे पूर्ण करावेत आणि संध्याकाळी हाच क्रम उलटा चालवावा. एकूण दिवस दहा तासांचा पुरे, नाहीतर काचेवर शेवाळ माजते. टाकीतली सकाळ खऱ्या सकाळी व्हायला हवी असे मुळीच नाही. मालक रात्री घरी येतो, म्हणून ती दुपारी बारा वाजता सुरू केली तर रात्री दहापर्यंत त्याला टाकी पाहता येते. नियंत्रकाच्या घड्याळाला बॅटरी हवीच. वीज जाऊन आली की टाकीत पुन्हा पहाट व्हायला नको.

खारे पाणी तांबे-पितळ खाते, आणि विरघळलेले तांबे कोळंबीसारख्या जिवांना मारते. त्यामुळे स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लास्टिकचे लावावेत. ड्रायव्हर टाकीवर नको, बाजूला भिंतीवर. वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न शिरता खाली गळतो. आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय माल देऊ नये.

गोड्या पाण्यातील वनस्पतींची टाकी असेल तर तीच पट्टी, तेच ड्रायव्हर. फक्त निळ्याच्या जागी ६५०० केल्विनचे पांढरे आणि थोडे ६६० नॅनोमीटरचे तांबडे एलईडी बसवावेत.