खोटा निरोप

सोलापूरची चादर ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात विरळाच. मागावर चढण्यापूर्वी तिचे सूत धुतले जाते, रंगविले जाते व पुन्हा धुतले जाते. ते पाणी कोठे ना कोठे वाहून जातेच. म्हणून सूत कशाने धुवावे, हा प्रश्न केवळ विणकरांचा नाही. तो सर्वांच्या आरोग्याचा आहे.

आपल्या शरीरातील काही ग्रंथींतून संप्रेरके नावाची द्रव्ये रक्तात मिसळतात. संप्रेरक म्हणजे ग्रंथीने पेशीला धाडलेला निरोपच होय. पेशीत त्याला ओळखणारी जागा असते. कुलपात किल्ली बसावी तसे ते तेथे बसते आणि पेशी कामाला लागते.

परंतु काही रसायनेही या कुलपात बसतात. अमेरिकेतील बोस्टन शहरी ॲना सोटो व कार्लोस सॉनेनशाइन या शास्त्रज्ञांना असेच एक रसायन आढळले. स्त्री-संप्रेरकावाचून ज्या पेशी वाढू नयेत, त्या त्यांच्या प्रयोगशाळेत वाढू लागल्या. शोध घेता, प्लॅस्टिकच्या नळ्यांतून नॉनिलफेनॉल पाझरत असल्याचे दिसले. १९९१ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. कापड धुण्याच्या काही द्रव्यांपासूनही पाण्यात हेच नॉनिलफेनॉल तयार होते.

रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही संप्रेरकांचे निरोप ऐकतात. निरोप खोटा असेल, तर पहारेकरी गाफील राहू शकतो, किंवा आप्तालाच शत्रू समजू शकतो.

कापडावर पाणी व डाग ठरू नयेत म्हणून वापरली जाणारी काही फ्लोरिनयुक्त रसायनेही संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करतात. उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर ती समुद्रातील अन्नावाटे मुलांच्या रक्तात पोहोचली होती. तेथील सुमारे ६०० मुलांच्या तपासणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तात ही रसायने अधिक, त्यांच्यात धनुर्वात व घटसर्प यांच्या लसीने निर्माण होणारी प्रतिपिंडे कमी आढळली. लस टोचून घेणे आवश्यकच आहे. पण तिचे बळ हिरावणारी रसायने दूर ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२१ पासून, नॉनिलफेनॉल निर्माण करणारी ही धुलाईद्रव्ये ०.०१ टक्के वा अधिक प्रमाणात उरलेल्या धुण्याजोग्या कापडाच्या विक्रीस बंदी केली. त्यांच्याऐवजी वापरता येतील अशी दुसरी द्रव्ये उपलब्ध आहेत.

चादर थंडीपासून माणसाचे रक्षण करते. तिच्या धुण्याच्या पाण्यापासून माणसाचे रक्षण करणे, हे मात्र माणसाचेच काम आहे.